दोन हातांचा रामराम

शेवगावच्या पूर्वेला जी कोरडी गावं आहेत, तिथल्या बैलांना माणसांपैकी दोघांचीच भीती वाटायची. एक जनावरांचे डॉक्टर आणि दुसरा भागवत. डॉक्टर सुई टोचून निघून जायचे. भागवत गुडघा टेकवायचा.

कारखान्याचा सीझन जवळ आला, की ऊस ओढायला जाणारे बैल त्याच्या दारापुढच्या लिंबाखाली रांगेनं उभे राहायचे. डांबरी रस्त्यावर भरली गाडी ओढायची तर खुरांना लोखंडी पत्र्या हव्यात, आणि पत्र्या मारायच्या तर बैल आधी आडवा हवा. आता बैल काही ‘पडा बरं जरा’ म्हटलं म्हणून पडत नाही. भागवत दोराचा फास असा टाकायचा, की आपण बसलोय का पडलोय हे बैलाच्या ध्यानात येईपर्यंत त्याचे चारी पाय एका जागी बांधलेले असायचे. मग उजवा गुडघा त्याच्या खांद्याच्या फऱ्यावर रोवायचा, दातांत खिळे धरायचे आणि खूर तासायला घ्यायचे. त्या गुडघ्याखाली बैल गप्प. काष्टीच्या बाजारातले दलालसुद्धा गिऱ्हाइकाला सांगायचे, “मारका हाय म्हनता? भागवतच्या गुडघ्याखालून काढून आना. गाय हुतोय.”

घरची थोडी जिरायत होती, पण तिचं पीक बघण्यापुरतंच यायचं. घर चालायचं ते गुडघ्यावर. भागवतची बायको राहीबाई म्हणायची, “आमच्यात कमावते दोघं. एक हे, आन एक ह्यांचा गुडघा. त्यातला गुडघा ऐकून घेतो.”

भागवतनं आपली पोरगी संस्कृती शेजारच्या गावच्या सूर्यभानरावांच्या घरात दिली होती. जावई सुप्याच्या एमआयडीसीत, माणूस सरळ. व्याहीही सरळच. (व्याह्याला एकेरीत बोलायची आपल्याकडे रीत नाही, तेव्हा या गोष्टीतही सूर्यभानराव अहो-जाहोच राहतील. नाहीतर भागवत रुसायचा, आणि भागवतचं रुसणं साधं नसतं.)

त्याचं रुसणं काय असतं, हे संस्कृतीच्या लग्नात सगळ्यांनी पाहिलं होतं. मांडवाच्या दारात सूर्यभानरावांनी भागवतला रामराम घातला तो एका हातानं. दुसऱ्या हातात मोबाईल होता आणि मोबाईलमध्ये जनरेटरवाला होता. जनरेटर आला नसता तर नवरदेवाला चाचपडत बोहल्यावर चढावं लागलं असतं, म्हणजे कारण खरं होतं. पण भागवतला तो एकच हात दिसला आणि तो रुसला. आता लग्नात कुणी रुसायचं हे आपल्याकडे ठरलेलं आहे. वरमाईनं रुसावं, वरबापानं रुसावं, नवरदेवाच्या आत्यानं तर रुसलंच पाहिजे, नाहीतर ती लग्नाला आली होती की नाही याची आठवण राहत नाही. मुलीचा बाप रुसल्याचं मात्र पंचक्रोशीत कुणी ऐकलं नव्हतं. भागवत पंगतीतून उठून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जाऊन बसला. म्हणाला, “पोरगी दिली म्हंजे मान दिला न्हाई. एका हातानं तर म्हशीला बी हाकत न्हाईत.”

शेवटी चार जाणती माणसं मध्ये पडली. सूर्यभानराव ट्रॉलीपाशी आले, मोबाईल खिशात घातला, दोन्ही हात कपाळापर्यंत नेऊन, कमरेत वाकून त्यांनी रामराम घातला आणि सगळ्यांदेखत म्हणाले, “पाव्हणं, चुकलं. हितून पुढं तुमी जिथं दिसाल तिथं दोन हातांनी रामराम. ह्यात कसूर झाली तर ही मिशी उतरून ठिवीन.”

मिशी हीच सूर्यभानरावांची खरी इस्टेट, त्यामुळे शब्द पक्का मानला गेला. भागवत ट्रॉलीतून उतरला आणि जिलेबीवर त्यानं मागचीही भरपाई केली.

सूर्यभानरावांनी शब्द पाळला. बाजारात भागवत दिसला की ते आधी पिशव्या खाली ठेवायचे आणि मग रामराम. एकदा चालत्या एसटीत वरची दांडी सोडून त्यांनी रामराम घातला आणि कंडक्टरच्या मांडीवर जाऊन बसले. कंडक्टर म्हणाला, “तिकीट काढा, आजोबा, मग बसा.” भागवतही कमी नव्हता. समोरून दोन हात आले की त्याचेही दोन हात आपोआप जुळायचे, मान खाली जायची आणि डोळे मिटायचे. दोघांचा रामराम चालू असला की बाकीचा बाजार बाजूनं वाहायचा.

अपघात झाला तो यामुळेच.

दसरा झाला होता. सीझन तोंडावर होता. फाट्यावर अजिनाथची चहाची टपरी आहे, तिच्यापुढच्या मातीच्या साइडपट्टीवर भागवत उभा होता. खांद्याला हत्यारांची पिशवी, हातात नुकताच रिकामा केलेला कप. समोरून सूर्यभानराव मोटारसायकलवरून आले. त्यांनी भागवतला पाहिलं. भागवतनं त्यांना पाहिलं. सूर्यभानरावांनी हँडलवरचे दोन्ही हात सोडले, कपाळाला नेले आणि गाडीवरच वाकले. भागवतनं कप टपरीवर ठेवला, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

मोटारसायकलीला मानपान कळत नाही. ती साइडपट्टीवर उतरली आणि तिचा पुढचा लोखंडी गार्ड बरोबर भागवतच्या उजव्या गुडघ्यावर आला.

अजिनाथनं टेम्पो थांबवला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सूर्यभानराव “पाव्हणं, पाव्हणं” याच्यापुढे काही बोलले नाहीत. कागद भरताना डॉक्टरांनी विचारलं, “कसं झालं?”

सूर्यभानरावांनी तोंड उघडलं. पण त्याच्याआधी, वेदनेनं डोळे पांढरे झालेल्या अवस्थेत, स्ट्रेचरवरून भागवत म्हणाला, “बैलानं पाडलं.”

त्याचा हिशेब साधा होता. मोटारसायकल म्हटलं की पोलीस येणार. पोलीस आले की व्याह्याचं नाव येणार. व्याह्याचं नाव आपल्या तोंडून निघालं, तर पोरीनं त्या घरात कोणत्या तोंडानं भाकरी थापायची? बैलाचं काय, बैलावर कुणी केस करत नाही.

पत्र्या मारणाऱ्याला बैलानं पाडलं, हे कुणालाही खरं वाटण्यासारखं होतं. हीच तर अडचण झाली.

पहिलं ऑपरेशन सरकारी योजनेत बसलं. हाड जुळलं, पण गुडघा वाकेना. पाय एखाद्या पहारीसारखा सरळ राहिला. डॉक्टर म्हणाले, “सांधा धरलाय. दुसरं ऑपरेशन केलं तर वाकेल, धंदा करता येईल. पण हे योजनेत बसत नाही. आणि फार उशीर करू नका, नाहीतर कायमचा धरेल.” खर्चाचा आकडा ऐकून राहीबाईनं डॉक्टरांना पुन्हा विचारलं, की हे दोन्ही गुडघ्यांचे मिळून सांगताय का?

लिंबाखालची रांग त्या सीझनला दुसऱ्याच्या दारात गेली. ते समजण्यासारखं होतं. पण जाता जाता लोक जे बोलत, ते भागवतला गुडघ्यापेक्षा जास्त लागायचं. “शेवटी बैलानंच पाडला म्हनं.” “वय झालं की फास चुकतोच.” अंगणात खाटेवर, पाय लाकडासारखा पुढं करून तो बसलेला असायचा आणि रस्त्यानं जाणारा बैलसुद्धा आपल्याकडे बघून मान हलवतोय असं त्याला वाटायचं. आयुष्यात एका बैलानं त्याला पाडलं नव्हतं. व्याह्याची अब्रू राखायला त्यानं स्वतःची दिली होती, आणि हे सांगायचीही सोय नव्हती.

सूर्यभानराव दर दोन दिवसांनी यायचे. कधी अंडी, कधी पेंडखजूर, कधी नुसतेच. उंबऱ्यातून दोन हातांनी रामराम घालायचे, खाटेच्या पायथ्याशी बसायचे आणि गुडघ्याकडे बघत राहायचे. “पाव्हणं, मी सांगून टाकतो सगळ्यास्नी.”

“काय सांगताय? रामराम घालताना मानूस उडिवला म्हनून? मिशीचं काय राहील?”

“मिशी गेली खड्ड्यात.”

“तुमची जाईल. माझी पोरगी त्या घरात नांदती.”

विषय तिथंच थांबायचा आणि चहा यायचा.

विषय पुढं सरकवला तो राहीबाईनं. ग्रामपंचायतीत कायद्याची माहिती द्यायला शिबिर भरलं होतं. अशा शिबिराला लोक जातात ते सावलीसाठी. तालुक्याच्या विधी सेवा समितीकडून सुकन्याताई नावाच्या वकीलबाई आल्या होत्या. तिशीच्या, आवाज खणखणीत. गरिबाला फुकट वकील मिळतो, असं त्यांनी सांगितलं आणि विचारलं, “कुणाला काही अडचण आहे का?” सगळ्यांनी छताकडे पाहिलं. मागच्या ओळीतून राहीबाई उठली.

“मला हाय. माझ्या मालकाला बैलानं पाडलं न्हाई.”

अजिनाथच्या टपरीवर चहाबरोबर खरं काय ते तिला केव्हाच मिळालं होतं. ती फक्त योग्य माणूस भेटायची वाट बघत होती.

संध्याकाळी सुकन्याताई खाटेपाशी येऊन बसल्या. सूर्यभानराव अंड्यांसकट तिथं होतेच. भागवतनं पहिल्यांदाच सांगून टाकलं, “ताई, व्याह्यावर केस करायला मला सांगू नगा. पाय गेला तरी चालंल.”

“भागवतकाका, पैसे सूर्यभानकाका देणारच नाहीत. त्यांच्या गाडीची विमा कंपनी देईल. रस्त्यावरच्या माणसाला लागलं तर भरून द्यायचं, म्हणूनच तर तो हप्ता भरायचा असतो. गाडीवाल्याचं नाव अर्जात येतं, पण ते नावापुरतं.”

“कंपनी का म्हनून देईल? कंपनी माझी कोन?”

“कंपनी कुणाचीच कुणी नसते. म्हणूनच तिच्याकडून घ्यायला लाजायचं नसतं.” मग त्या सूर्यभानरावांकडे वळल्या. “काका, विमा चालू होता ना?”

सूर्यभानरावांचा चेहरा पडला. त्यांना मोटारसायकलचं पेट्रोल ठाऊक होतं, हवा ठाऊक होती. विम्याचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, खाटेखालच्या कोंबडीनंसुद्धा चोच वर केली. सूर्यभानरावांनी सुनेला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

“मामा, भरलाय की,” फोनमधून संस्कृतीचा आवाज आला. “पोळ्याच्या आधीच मोबाईलवरून भरला. तुमाला सांगितलं हुतं, तुमी म्हनालात, फुकट पैसे घातले.”

भागवतनं लेकीचा आवाज ऐकून डोळे पुसले. सूर्यभानराव सुनेला फोनवरच दोन हातांनी रामराम घालायला निघाले होते, पण फोन खाली पडला असता.

“मग लागा कामाला,” सुकन्याताई म्हणाल्या. “अर्ज सहा महिन्यांच्या आत टाकायचा असतो. त्यातले चार तुम्ही बैलावर घालवलेत.”

दुसऱ्या दिवशी सूर्यभानराव एकटेच पोलीस ठाण्यात गेले. हवालदारानं विचारलं, “फिर्यादी कोण?”

“मी.”

“आरोपी?”

“मीच.”

हवालदारानं पेन खाली ठेवलं. “मग साक्षीदारही तुम्हीच असाल.”

“न्हाई, साहेब. तो अजिनाथ हाय. चहावाला.”

फिर्याद जखमी माणसानं द्यायची असते, असं कळल्यावर सूर्यभानराव जखमी माणसाला घेऊन आले. अर्थातच, त्याच मोटारसायकलवर. ‘वाहनावरील ताबा सुटून’ एवढंच कागदावर आलं. रामरामाचं दोघांनीही सांगितलं नाही. हवालदारानं आधीच पुष्कळ सहन केलं होतं. पुढं सूर्यभानरावांवर वेगळा खटला झाला, त्यात त्यांनी गुन्हा कबूल केला, दंड भरला आणि बाहेर येऊन मिशीवर हात फिरवला. मिशी जागेवर होती. माणसाला वाटतं तितकं काही होत नाही.

भरपाईचा अर्ज नगरच्या कोर्टात लागला. पाटीवर आता अहिल्यानगर आलं असलं, तरी तारखेला जायचं ते नगरलाच. अर्जदार भागवत, जाबदार पहिला सूर्यभानराव, जाबदार दुसरा विमा कंपनी. सुकन्याताईंनी दोघांना समोर बसवून बजावलं, “दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक, कोर्टात एकत्र यायचं नाही. तुम्ही एकमेकांच्या विरुद्ध आहात. कंपनीचा वकील म्हणेल, दोघांनी मिळून खोटी केस रचली. आधीच तुमच्या कागदावर बैल आहे. दुसरं, विचारतील तेवढ्याचंच उत्तर. लग्नापासून सुरुवात करायची नाही.”

दोघांनी माना डोलावल्या. पण भागवत नगरला जाणार कसा? एसटीच्या दोन बाकांच्या मध्ये तो पाय मावत नव्हता. एकदा त्यानं तो वाटेत पसरला, तर सगळ्या गाडीनं तो ओलांडला आणि प्रत्येकानं ओलांडताना काही ना काही सल्ला दिला. राहिली मोटारसायकल. सूर्यभानराव पुढं, दोन्ही हात हँडलवर घट्ट. भागवत मागं, उजवा पाय बाजूला सरळ काढलेला, जणू गाडीला रेल्वेचं फाटक जोडलंय. समोरून येणारे ट्रकसुद्धा जरा दबून जायचे. कोर्टाच्या अलीकडच्या चौकात सूर्यभानराव त्याला उतरवायचे. भागवत काठी टेकत पुढच्या दारानं आत जायचा आणि ते गाडी लांब लावून मागच्या दारानं. आत एकमेकांकडे बघायचं नाही, म्हणून दोघंही समोरच्या घड्याळाकडे बघत बसायचे. रामराम घातला जाऊ नये म्हणून सूर्यभानराव दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवायचे.

इथपर्यंत जमलं. घोटाळा राहीबाईच्या फडक्यानं केला. दर तारखेला ती भाकरी बांधून द्यायची, आणि दोघांची एकत्रच द्यायची. “केस काय करायची ती करा. पाव्हण्याला उपाशी ठिवलं तर लोक मला बोलतील.” सुटीच्या वेळेला कोर्टाच्या मागच्या झाडाखाली ते फडकं उघडायचं. बाजरीच्या भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी. सूर्यभानराव बुक्कीनं कांदा फोडायचे आणि मोठा तुकडा अर्जदाराच्या पुढं सरकवायचे.

कंपनीचे वकील जुने, मुरलेले होते. पांढरे केस, सोनेरी चष्मा, चाल सावकाश. एका तारखेला ते झाडाजवळून गेले, जरा थबकले आणि म्हणाले, “जेवा, जेवा. सावकाश होऊ द्या.” त्यांनी ते इतक्या प्रेमानं म्हटलं, की भागवतनं त्यांनाही “या की जेवायला” म्हटलं.

पुढच्या तारखेला भागवत पिंजऱ्यात उभा राहिला.

“जाबदार तुमचे कोण?” वकीलसाहेबांनी विचारलं.

“व्याही.”

“हॉस्पिटलात तुम्हीच सांगितलंत, बैलानं पाडलं?”

“व्हय.”

“इथं म्हणता, मोटारसायकलनं उडवलं. यातलं खोटं कोणतं?”

“बैलाचं.”

“म्हणजे तुम्ही खोटं बोलता.”

“एकदाच बोललो, साहेब. ते बी परवडलं न्हाई.”

मागं कुणीतरी हसलं. वकीलसाहेबही हसले, पण त्यांचं हसू दातांपर्यंतच होतं. “आणि मागच्या तारखेला तुम्ही आणि ज्यांच्याविरुद्ध केस केली ते जाबदार, एका फडक्यातली भाकरी खात होतात. खरं?”

भागवतनं सुकन्याताईंकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते. “व्हय,” तो म्हणाला. “बाजरीची हुती.”

मग वकीलसाहेबांनी अर्ज देऊन सूर्यभानरावांनाच साक्षीला बोलावलं. बाहेर येऊन सुकन्याताई पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या. “काका, अजिनाथची साक्ष चांगली झालीय. पण तुमच्यात संगनमत आहे असं न्यायाधीशसाहेबांना वाटलं, तर सगळा अर्ज जाईल. मग ऑपरेशनचं काही खरं नाही.”

सूर्यभानरावांनी भागवतच्या पायाकडे पाहिलं.

त्यांची साक्ष होती त्या दिवशी त्यांनी नवीन टोपी घातली होती. वकीलसाहेबांनी त्यांना अजिबात दरडावलं नाही. उलट पाणी विचारलं.

“किती वर्षं मोटारसायकल चालवता?”

“पोरगं झालं तवापासून.”

“कधी पडलात?”

“न्हाई.”

“दिवसाढवळ्या, सरळ रस्ता. समोर वाहन नाही. खड्डा?”

“फाट्यावर न्हाईत. फुडं हायेत.”

“मग इतकी वर्षं न पडलेल्या माणसाचा ताबा सुटला कसा?”

सूर्यभानरावांनी वर पाहिलं. पंखा फिरत होता. भागवत बाकावर, पाय पुढं ताठ करून, घड्याळाकडे बघत होता, पण घड्याळात त्याला काही दिसत नव्हतं. व्याही काय बोलणार हे त्याला ठाऊक होतं आणि ते त्यांनी बोलू नये असं त्याला वाटत होतं, आणि न बोलून चालणार नव्हतं हेही त्याला ठाऊक होतं.

“उत्तर द्या,” वकीलसाहेब मऊ आवाजात म्हणाले. “सुटला की सुटलाच नाही?”

“सुटला न्हाई, साहेब.” सूर्यभानरावांनी टोपी सारखी केली. “मी सोडला.”

सुकन्याताईंच्या हातातलं पेन टेबलावर पडलं. न्यायाधीशसाहेबांनी मान वर केली. “सोडला म्हणजे?”

आणि सूर्यभानरावांनी लग्नापासून सुरुवात केली. जनरेटर आला, ट्रॉली आली, मिशी आली. वकीलसाहेबांनी दोनदा हरकत घेतली, पण न्यायाधीशसाहेबांनी हातानं थांबवलं. आपल्या लग्नात कोण रुसलं होतं ते बहुधा त्यांना आठवत असावं.

“तर फाट्यावर नेमकं काय केलंत ते दाखवा,” ते म्हणाले.

सूर्यभानरावांनी पिंजऱ्याचा कठडा दोन्ही हातांनी हँडलसारखा धरला. जरा उजवीकडे, जरा डावीकडे झाले. मग त्यांनी समोर बाकावर भागवतकडे पाहिलं. कित्येक तारखांनंतर पहिल्यांदाच कोर्टात सरळ पाहिलं. दोन्ही हात कठड्यावरून सुटले, कपाळाला गेले आणि ते कमरेत वाकले.

“रामराम, पाव्हणं.”

आणि बाकावरचा भागवत उठला. त्यानं ठरवलं नव्हतं, त्याला ते कळलंही नाही. काठी घ्यायचं भान राहिलं नाही, ती खाली पडली. तो सरळ पाय तसाच बाजूला फेकत, डाव्या पायावर उभा राहिला, दोन्ही हात जोडले, मान खाली घातली आणि डोळे मिटले.

“रामराम.”

मग त्याचा तोल गेला. पिंजऱ्यातून उतरून पहिले जाबदार धावले आणि त्यांनी अर्जदाराला वरच्यावर धरलं.

कोर्टात हशा झाला. पट्टेवाल्यानं “सायलेन्स” म्हटलं, तेसुद्धा हसत. न्यायाधीशसाहेबांनी चष्मा काढून पुसला. पुसून झाला तरी पुसत राहिले.

जुने वकील ते जुनेच. एका दमात सावरले. “साहेब, हे नोंदवून घ्यावं. अर्जदार डोळे मिटून उभा होता. समोरून वाहन येताना डोळे मिटणं ही अर्जदाराचीही चूक आहे. भरपाई निम्मी व्हावी.”

“अर्जदार साइडपट्टीवर उभा होता, वकीलसाहेब,” न्यायाधीश म्हणाले. “आलेल्या रामरामाला उलट रामराम घालणं हा निष्काळजीपणा, असं मी लिहिलं, तर मला या जिल्ह्यातून बदली करून घ्यावी लागेल.”

निकाल पुढच्या महिन्यात लागला. उशिरा फिर्याद का झाली याचं कारण पटतं, असं त्यात होतं; अजिनाथची साक्ष विश्वासार्ह आहे, डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे मार मोटारसायकलच्या गार्डचा असू शकतो, असं होतं; आणि दोन्ही हात सोडून वाहन चालवणं हा सरळसरळ हलगर्जीपणा आहे, असंही होतं. पत्र्या मारण्याच्या कमाईची पावती कुणी देत नाही, म्हणून ती साहेबांनी अंदाजानं धरली. भागवतच्या मते अंदाज कमी होता, राहीबाईच्या मते बरोबर होता. दुसऱ्या ऑपरेशनचा खर्च मात्र वेगळा, पूर्ण धरला होता. सुकन्याताईंनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

भागवतनं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ताई, त्यात बैलानं पाडलं न्हाई असं लिव्हलंय का?”

“लिहिलंय. ‘बैलाची हकिगत खोटी आहे’ असं स्पष्ट.”

“मंग त्याची झेरॉक्स द्या. लिंबाला लावतो.”

लावलीही. वाऱ्यानं फाटली, तेव्हा अजिनाथनं आपल्या टपरीवर दुसरी लावली. आलेगेले चहा पिताना वाचायचे.

कंपनीनं पैसे द्यायला जमेल तेवढा उशीर केला, पण दिले. ऑपरेशन झालं. मग रोज सकाळी गुडघा दाबून वाकवायचा व्यायाम होता, आणि तो दुसऱ्या कुणी करून घ्यायचा होता. सूर्यभानराव रोज यायचे. भागवतला आडवा करायचे, बाह्या सारायचे आणि दोन्ही हातांनी भार द्यायचे. भागवतची बोंब फाट्यापर्यंत जायची.

“हळू! ओ पाव्हणं, हळू! मानूस हाय मी!”

“जरा, जरा राहिलं, दम धरा.”

राहीबाई चुलीपाशी बसून म्हणायची, “आता कळलं का बैलाला कसं वाटत असंल ते?”

गुडघा पहिल्यासारखा झाला असं म्हणणं खोटं होईल, आणि भागवतनं खोटं बोलायचं सोडलं होतं. पंगतीत मांडी घालण्याइतका तो वाकला नाही. आजही त्याला जेवायला खुर्ची लागते, आणि तो खुर्चीवर बसतो म्हणून सूर्यभानरावही त्याच्या शेजारी खुर्ची मागून घेतात. पण बैलाच्या फऱ्यावर रोवण्याइतका वाकला. नेमका तेवढाच.

पुढच्या सीझनला लिंबाखाली पहिला बैल आला तो तांबडा, डोळ्यांत खुनशी. मालक लांब उभा होता. भागवतनं फास टाकला. बैल आडवा झाला. भागवतनं श्वास रोखला, उजवा गुडघा हळूच टेकवला, मग भार दिला. बैलानं एक फुस्कारा सोडला आणि मान टाकली. भागवतनं एका हातानं खूर पकडला, दातांत खिळे धरले.

तेवढ्यात रस्त्यावर सूर्यभानरावांची मोटारसायकल आली. हल्ली त्यांची रीत बदलली होती. भागवत दिसला की ते गाडी लांबच थांबवायचे, खाली उतरायचे, स्टँड लावायचे, किल्ली काढून खिशात घालायचे, खिसा चाचपून बघायचे आणि मग दोन हात कपाळाला न्यायचे. त्याप्रमाणे त्यांनी सगळं केलं आणि वाकले.

“रामराम, पाव्हणं!”

भागवतच्या एका हातात खूर होता. तो सोडला असता तर तांबड्यानं कोर्टातला निकाल खोटा पाडला असता. त्यानं मोकळा हात तेवढा हातोड्यासकट कपाळाला लावला आणि खिळ्यांमधून “म्राम्राम” असं काहीतरी म्हटलं.

सूर्यभानराव वाकलेले तसेच राहिले. मग सरळ झाले. त्यांनी त्या एका हाताकडे पाहिलं, मग हाताखालच्या गुडघ्याकडे पाहिलं, गुडघ्याखालच्या बैलाकडे पाहिलं. मिशीच्या आत काहीतरी हललं.

“राहीबाई!” त्यांनी घराकडे तोंड करून आवाज दिला. “चहा ठिवू नगा. ह्यांनी एका हातानं घातला. मी रुसलोय.”

“मंग कुठं बसनार रुसून?” आतून आवाज आला. “आमच्याकडं ट्रॉली न्हाई.”

सूर्यभानरावांनी इकडेतिकडे पाहिलं. ते बैलाला वळसा घालून गेले आणि त्याच्या मानेपाशी जाऊन बसले, कारण तिथं धरायला माणूस हवाच होता. दोन्ही हातांनी त्यांनी शिंगं धरली.

“हाना पाव्हणं,” ते म्हणाले. “रुसलोय, पन धरतो.”